जुना यूएएन आहे म्हणून माणूस परत पाठवू नका

प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेचा भाग ‘अ’ एव्हाना सगळ्यांना पाठ आहे. पीएफमध्ये पहिल्यांदाच आलेल्याला एका महिन्याच्या पगाराइतके, जास्तीत जास्त १५,००० रुपये, दोन हप्त्यांत. भाग ‘ब’ मालकासाठी, जादा माणसं घेतल्याबद्दलचं अनुदान, हेही माहीत असतं. तरी कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, दोन-तीन वर्षं घरी बसलेला मोल्डर (साचे करणारा कारागीर) काम मागायला गेला, की त्याला ऐकवतात, “तुमचा जुना यूएएन आहे, तुमच्यावर अनुदान मिळत नाही.” यूएएन म्हणजे पीएफचा कायमचा नंबर; तो जुना म्हणून अनुदान नाही, हे साफ चूक आहे.

पहिल्या नोकरीची अट फक्त ‘अ’ला आहे, आणि ‘अ’चा एक रुपयाही मालकाकडे येत नाही. तो थेट कामगाराच्या खात्यात जातो. ‘ब’मध्ये बघतात ते एवढंच, की तुमची माणसं आधीपेक्षा वाढली का. पन्नासच्या आत कामगार असतील तर किमान दोन, पन्नास किंवा जास्त असतील तर पाच जादा माणसं हवीत आणि ती सहा महिने टिकायला हवीत. जुन्याला काढून नवा घेतला तर वाढ शून्य, मग तो नवा कितीही कोरा असो.

समजा तीस कामगारांच्या फौंड्रीनं दोघांना घेतलं: आयटीआय झालेला, पहिलीच नोकरी असलेला बावीस वर्षांचा पोरगा आणि बंद पडलेल्या युनिटमधला चव्वेचाळीस वर्षांचा मोल्डर. दोघांचा पीएफ १५,००० रुपये पगार धरून कापला जातो. मालकाला प्रत्येकामागे महिन्याला सारखेच २,००० रुपये, दोन वर्षं. उत्पादन क्षेत्र असल्यानं पुढची आणखी दोन वर्षं. ‘अ’चे पैसे पोराला मिळतील, मोल्डरला नाहीत. मालकाच्या हिशोबात फरक काही नाही. मग हातात कसब असलेल्याला का नाकारायचं?

‘ब’चा दर पीएफ-पगारावर, म्हणजे ज्या पगारावर पीएफ कापतात त्यावर, ठरतो: १०,००० पर्यंत कमाल १,०००, २०,००० पर्यंत २,०००, त्यापुढे ३,०००. एकूण पगाराची मर्यादा एक लाख. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळातल्या भरतीलाच हे लागू आहे.

काही सल्लागार अनुभवी कामगाराचा दुसरा यूएएन काढून त्याला ‘नवीन’ दाखवायला सांगतात. याची मला चीड आहे. ‘ब’साठी त्याची गरजच नाही, आणि पेन्शनला लागणाऱ्या दहा वर्षांत धरली जाणारी त्या माणसाची जुनी सेवा मात्र वेगळ्या नंबरावर अडकून पडते. जुनाच नंबर मागून घ्या आणि त्यावरच पीएफ भरा.