युइंग सार्कोमा आणि ऑस्टिओसार्कोमा: हाडाचेच कॅन्सर, पण बिघाड वेगळे

किशोरवयात हाडाचा कॅन्सर निघाला, तर बहुतेक वेळा तो या दोहोंपैकी एक असतो. दुखणं तेच, सूज तीच, कधी कधी हाडही तेच. पेशीच्या आत मात्र दोघांची कुळकथा अगदी निराळी.

युइंगमध्ये एका अपघातातून सगळं सुरू होतं. गुणसूत्र 11 आणि 22 तुटतात आणि त्यांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. तुकडे जिथे जुळतात तिथे ईडब्ल्यूएसआर1 या जनुकाचा पुढचा भाग एफएलआय1 या दुसऱ्या जनुकाच्या मागच्या भागाला जोडला जातो. सुमारे 85 टक्के रुग्णांत हीच जोडी सापडते. तिच्यातून बनणारं प्रथिन डीएनएवर कुठे बसायचं ते एफएलआय1 चा भाग ठरवतो; तिथे जनुकं चालू करणारी यंत्रणा ओढून आणतो तो ईडब्ल्यूएसआर1 चा. गंमत म्हणजे, डीएनएची जीजीएए ही चार अक्षरं ओळीने पुन्हा पुन्हा आलेल्या जागांवर हे प्रथिन जाऊन बसतं. एरवी या जागा निपचित पडून असतात, पण ते बसलं की नको ती जनुकं जोरात चालू होतात. बाकीच्या जीनोममध्ये, म्हणजे पेशीतल्या उरलेल्या डीएनएत, फारशी पडझड नसते.

ऑस्टिओसार्कोमात असा एकच गुन्हेगार शोधणं व्यर्थ. पेशीला लगाम घालणारी टीपी53 आणि आरबी1 ही जनुकं निकामी होतात आणि गुणसूत्रांची मोडतोड सुरू होते. कधी एखाद्या गुणसूत्राचा एकाच झटक्यात चुराडा होऊन तुकडे वाटेल तसे जुळतात, हा क्रोमोथ्रिप्सिस. टीपी53 तर बऱ्याचदा पहिल्या इंट्रॉनमध्येच (जनुकाच्या मधल्या, प्रथिनाचा मजकूर नसलेल्या भागात) तुटलेलं असतं, त्यामुळे फक्त एक्सॉन, म्हणजे मजकुराचे भाग, वाचणाऱ्या चाचणीतून ते निसटू शकतं. या दोन जनुकांतला दोष वारशाने आलेल्यांना, म्हणजे ली-फ्रॉमेनी सिंड्रोम (टीपी53 मधला आनुवंशिक दोष) किंवा आनुवंशिक रेटिनोब्लास्टोमा (आरबी1 च्या दोषातून होणारा डोळ्याचा कॅन्सर) असलेल्यांना, या कॅन्सरचा धोका जास्त असतो.

निदानाची वाटही त्यामुळे वेगळी. ऑस्टिओसार्कोमात कॅन्सरच्या पेशी स्वतः कच्चं हाड घडवताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसाव्या लागतात. युइंगमध्ये जनुकांची जोडी शोधतात. नुसतं ईडब्ल्यूएसआर1 तुटलेलं दिसणं पुरेसं नाही, कारण ते इतर काही सार्कोमांतही (हाड, स्नायू अशा ऊतींच्या कॅन्सरांतही) तुटतं. जोडीदार कोण ते पाहावंच लागतं.

एकच प्रथिन दोषी असल्यावर युइंगवर औषध काढणं सोपं असेल, असं कुणालाही वाटेल. पण हे प्रथिन एन्झाइम नाही आणि त्याचा बराचसा भाग ठरावीक आकार धरत नाही. औषधाच्या रेणूला अडकायला नीटशी खाचच मिळत नाही. त्यामुळे नेमका दोषी माहीत असूनही उपचाराचा भार अजून केमोथेरपी, शस्त्रक्रिया आणि रेडिएशनवरच आहे.