जारहेड आणि १९९१ चं आखाती युद्ध: पार्श्वभूमी

सॅम मेंडिसचा जारहेड (२००५) बघून बरेच जण चिडतात, की वॉर पिक्चर म्हणून बसलो आणि लढाईच नाही, नुसती पोरं वाळूत बसलीयेत, कंटाळलीयेत, आपसात भांडतायत. मला तर त्यातला सगळ्यात खरा भाग तोच वाटतो, कारण ते युद्ध बहुतेक मरीन्ससाठी (अमेरिकी सैन्याचं एक वेगळं दल) खरंच तसं होतं.

सुरुवात इराण-इराक युद्धापासून. ते १९८८ ला संपलं तेव्हा सद्दामच्या डोक्यावर भयंकर कर्ज होतं, त्यात कुवेतकडून घेतलेला पैसा पण होता, वर त्याचं म्हणणं असं की कुवेत जास्त तेल काढून भाव पाडतोय आणि सीमेवरच्या रुमैलाच्या साठ्यातनं आमचं तेल पळवतोय. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौज कुवेतमध्ये घुसली आणि दोनेक दिवसात देश खिशात. (तिथे अडकलेल्या आपल्या लोकांना, त्यात मल्याळी, गोवेकर सगळेच, अम्मानमार्गे एअर इंडियाने मुंबईला आणलं, जवळपास पावणेदोन लाख माणसं.) आता सौदीचा नंबर लागणार या धास्तीने अमेरिकेने तिथे सैन्य उतरवलं, डेझर्ट शील्ड म्हणतात ते हेच.

आणि मग वाट बघणं सुरू. युनोने इराकला कुवेत सोडायला १५ जानेवारी १९९१ पर्यंत मुदत दिली होती, त्यामुळे जी पोरं ऑगस्टमध्येच आली त्यांचे महिनेच्या महिने वाळवंटात गेले. जीव काढणारं ऊन, सतत पाणी प्या म्हणून हुकूम, सौदी असल्यामुळे दारू बंद, घरून येणाऱ्या पत्रांवर सगळा जीव, आणि तिकडे बायको किंवा मैत्रीण दुसऱ्या कुणाबरोबर तर नाही ना ही शंका. हे सगळं अँथनी स्वॉफर्डने स्वतः भोगलेलं, तो मरीन्सच्या स्नायपर तुकडीत होता आणि पिक्चर त्याच्याच आठवणींच्या पुस्तकावर आहे. पटकथा लिहिणारा विल्यम ब्रॉयल्स पण व्हिएतनाममध्ये लढलेला मरीन.

गॅसची भीती मात्र उगाच नव्हती, कारण १९८८ च्या मार्चमध्ये सद्दामने हलब्जात स्वतःच्याच देशातल्या कुर्दांवर विषारी वायू सोडून हजारो माणसं मारली होती. म्हणून ते जाड सूट, मास्क, आणि नर्व्ह गॅसपासून वाचवायला दिलेल्या पीबीच्या गोळ्या. युद्धानंतर हजारो सैनिकांना सांधेदुखी, थकवा, विसरभोळेपणा असले त्रास सुरू झाले, गल्फ वॉर सिंड्रोम नाव पडलं, आणि कारणांवरच्या वादात या गोळ्यांचं नाव कायम येत राहिलं. किती वर्षं या माणसांना सांगितलं गेलं की तुमच्या मनाचे खेळ आहेत, ते वाचून राग येतो.

१७ जानेवारीला बॉम्बफेक सुरू झाली, पाच आठवड्यांहून जास्त चालली. जमिनीवरची लढाई सुरू झाली २४ फेब्रुवारीला आणि १०० तासांत संपली! विमानांनी इतकं उरकून टाकलं होतं की कित्येक इराकी तुकड्या पांढरी फडकी घेऊन समोर आल्या. आता विचार करा, ज्याला एका गोळीसाठी वर्षानुवर्षं तयार केलं त्या स्नायपरला करायला उरलं काय? पिक्चरमध्ये शेवटी नेम धरलेला असताना एक अधिकारी येऊन थांबवतो, हे काम विमानं करतील म्हणून, आणि स्वॉफर्डचा जोडीदार ट्रॉय (पीटर सार्सगार्ड) अक्षरशः कोसळतो. त्या प्रसंगाला लोक वेडेपणा म्हणतात पण माणसाला मारायला शिकवून मग तसंच सोडून दिलं की काय होतं ते यापेक्षा स्पष्ट कुणी दाखवलेलं मी तरी पाहिलं नाही.

जळून कोळसा झालेल्या गाड्यांची रांग पण खरी आहे. कुवेत सिटीतून बसऱ्याकडे पळणाऱ्या इराकी ताफ्यावर २६-२७ फेब्रुवारीला हायवे ८० वर विमानांनी बॉम्ब टाकले, तो रस्ता हायवे ऑफ डेथ म्हणूनच ओळखला जातो. आणि माघार घेताना इराक्यांनी ६०० च्या वर तेलविहिरी पेटवल्या, भर दिवसा काळोख, वरून तेलाचे थेंब पडतायत, रॉजर डीकिन्सच्या कॅमेऱ्यातली ती दृश्यं अजिबात वाढवून सांगितलेली नाहीत. शेवटची विहीर विझायला नोव्हेंबर १९९१ उजाडला.

स्वॉफर्डचं पुस्तक आलं २००३ मध्ये, म्हणजे नेमकं तेव्हा जेव्हा मरीन्स परत कुवेतमधूनच इराकमध्ये शिरले, आणि २००५ ला पिक्चर थिएटरला लागला तेव्हाही ते युद्ध चालूच होतं.