चाकांना पावडर कोटिंग की रंग? आधी चाक नीट बघा

खिडकीचं ग्रिल, ऑफिसातलं लोखंडी कपाट, एसीचं बाहेरचं युनिट यांवर जो कडक, एकसारखा थर असतो तो पावडर कोटिंगचा. चाकांवरही तोच चढवून घ्या, रंगापेक्षा जास्त टिकेल, असं गॅरेजमध्ये सर्रास सांगतात. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण चाक म्हणजे ग्रिल नव्हे. त्याच्यावर गाडीचा भार असतो, ते नटांनी आवळलेलं असतं आणि अलॉय असेल तर ते ओतीव ॲल्युमिनियमचं असतं. म्हणून काय करून घ्यायचं ते चाकाची अवस्था बघून ठरवावं. कोणता रंग आवडतो हा प्रश्न शेवटचा.

पेंटिंगमध्ये पातळ केलेला रंग गनने मारतात: आधी प्रायमर, मग बेस कोट, वर क्लिअर कोट. चांगला पेंटर हार्डनर मिसळून वापरायचा टू-के पीयू, म्हणजे दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग मारतो. तो हवेत वाळतो किंवा बूथमध्ये ६० अंशांच्या आसपास बेक होतो. स्प्रेच्या डब्यातला साधा ॲक्रिलिक रंग ही वेगळीच चीज आहे. पेट्रोलचा बोळा फिरवला की तो सुटायला लागतो. ‘चाकावर रंग टिकत नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांनी बहुधा हा डबाच वापरलेला असतो.

पावडर कोटिंगमध्ये थिनर नसतोच. रेझिनची बारीक पूड विजेचा भार घेऊन गनमधून बाहेर पडते, अर्थिंग दिलेल्या रिमला चिकटते आणि १८० ते २०० अंशांच्या भट्टीत वितळून एकजीव होते. एका हातात साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा थर बसतो, ओघळ येत नाहीत, आणि पुढच्या गाडीच्या टायरमधून उडालेली खडी तो रंगापेक्षा चांगली सोसतो. एक अडचण मात्र आहे. स्पोक जिथे रिमला मिळतात त्या खोल कोपऱ्यात विजेचा भार नीट पोचत नाही, म्हणून पूडही कमी बसते. काम घेताना बोट आधी त्या कोपऱ्यातून फिरवा.

खरा फरक भट्टीमुळे पडतो. फूटपाथला घासून रिमच्या कडेला ओरखडे पडले असतील तर पेंटर तिथे लांबी (पुट्टी) भरतो, पॉलिश पेपरने घासतो आणि वरून रंग मारतो. ही नेहमीची लांबी २०० अंशांना टिकत नाही, फुगते, तडकते. त्यामुळे कडा खाल्लेल्या चाकाला पावडर हवीच असेल तर ओरखडा मशीनवर घासून काढण्याइतका उथळ तरी पाहिजे, नाहीतर भट्टी सोसणारं खास फिलर वापरणारा माणूस तरी गाठायला पाहिजे. दुसरं, ओतीव ॲल्युमिनियमच्या बारीक छिद्रांत हवा अडकलेली असते. भट्टीत ती बाहेर पडते आणि वितळलेल्या थरावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडते. जाणकार आधी कोरी रिम तापवून ही हवा काढून टाकतो आणि मगच पूड मारतो. तिसरी गोष्ट ताकदीची. बऱ्याच अलॉय चाकांना कारखान्यात उष्णतेचे संस्कार देऊन मजबुती आणलेली असते आणि त्यातला शेवटचा टप्पा सुमारे १५०-१६० अंशांचा असतो, कोटिंगची भट्टी मात्र त्याहून गरम असते. भट्टीतल्या एखाद्या पंधरा-वीस मिनिटांच्या फेरीने काही बिघडत नाही. पण रंग आवडला नाही म्हणून पुन्हा उतरव, पुन्हा भाज, असं करत राहणं मला पटत नाही. गॅस टॉर्चने रिम तापवणारा माणूस दिसला तर काम न देता परत या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याबद्दल गिऱ्हाईक जवळजवळ कधीच विचारत नाही: नट बसतो ती जागा. तिथे पावडरचा जाड थर राहिला तर नट आवळताना धातूला धातू भिडत नाही, मध्ये हा थर येतो. गाडी चालली की तो चिरडतो, पातळ होतो आणि तेवढी नटाची पकड ढिली पडते. चाक हबला, म्हणजे गाडीच्या ज्या फिरत्या भागावर ते बसवतात त्याला, टेकतं त्या मागच्या सपाट भागाचंही तसंच. या दोन्ही जागा उष्णता सोसणाऱ्या टेपने किंवा सिलिकॉनच्या बुचाने झाकूनच पूड मारली पाहिजे. रंगाचा जाड थरही तिथे नको. चाकं बसवल्यावर नट टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने) गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याला आवळा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. यात आळस नको.

दुकान निवडतानाही डोळे उघडे हवेत. एमआयडीसीत पावडर कोटिंगची युनिट्स पुष्कळ असतात, पण त्यांतली बरीच घरातल्या वस्तूंचं काम करतात. आत वापरायच्या वस्तूंना चालणारी एपॉक्सी पावडर उन्हात खडूसारखी पांढरट पडते. चाकाला बाहेर टिकणारी पॉलिएस्टर पावडरच हवी. जुना रंग केमिकलने किंवा बारीक ब्लास्टिंगने पूर्ण उतरवतात का, तेही विचारा. ग्रीस आणि ब्रेकची काळी धूळ नीट निघाली नाही तर पावडर आणि पेंट दोन्ही सारखेच सुटतात. पावडर तर पापुद्र्यासारखी अख्खी उचलली जाते. एका टवक्यातून खारं पाणी आत शिरलं की ते थराखालून पसरत जातं, म्हणून कोकणातल्या किंवा मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या गाड्यांचे टवके लगेच बुजवायला हवेत. रंगावर टच-अप सहज होतो. पावडरचा डाग मात्र रंगानेच झाकावा लागतो, किंवा अख्खी रिम पुन्हा करावी लागते.

माझं मत विचाराल तर साध्या लोखंडी रिमना बिनधास्त पावडर करा, त्यांच्यासाठी याहून चांगलं काही नाही. चारही अलॉय विटली आहेत पण कडा शाबूत आहेत, आणि चाकांचं काम करणारं दुकान हाताशी आहे, तर पावडरच. एकच चाक घासलंय आणि बाकीच्या तिघांशी शेड जुळवायची आहे, तर टू-के रंग. शेड मिसळून जुळवणं तिथेच जमतं. डायमंड कट चाकाची चमकती बाजू मशीनवर कापलेली असते आणि वर फक्त क्लिअर असतो. त्याच्याखाली पांढरे, दोऱ्यासारखे गंजाचे धागे पळू लागले की ती बाजू पुन्हा कापून घ्या, किंवा चमक सोडून एकरंगी करून टाका. पुन्हा पुन्हा कापलं की धातू कमी होतो, म्हणून जुन्या चाकाला मी एकरंगीच सुचवेन. बाईकच्या मॅगव्हीलला (तारांऐवजी ओतीव स्पोक असलेल्या चाकाला) पावडर करायची तर बेअरिंग आणि रबर आधी काढलेच पाहिजेत, भट्टीत ते टिकत नाहीत. आणि जुना रंग उतरवल्यावर केसासारखी चीर दिसली, तर त्या चाकावर पावडरही नको, रंगही नको. ते चाक बदलायचं.