उचल (ऊसतोड मजुरी)

ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम म्हणजे उचल. बीड व शेजारच्या कोरडवाहू जिल्ह्यांतले मजूर दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात, मार्च-एप्रिलला परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. एकटा माणूस ‘अर्धा कोयता’.

मजूर वेठबिगारीत अडकतो तो गरिबीइतकाच वेळेच्या कोंडीमुळे. पावसाळ्यात हाताला काम कमी आणि बी-खत, दवाखाना, आधीच्या लग्नाचे देणे मात्र तेव्हाच दारात उभे. तारणाशिवाय बँक दारात उभे करत नाही. मुकादम त्याच दिवशी पैसे मोजतो.

हिशेब समजा असा: उचल १,००,००० रुपये, दर टनाला ३५० रुपये. कोयत्याने रोज दोन टन तोडले तर ७०० रुपये फिटतात. म्हणजे १४३ दिवस, तेही एकही खाडा न पडता. गाळप १२० दिवसांत आटोपले की १६,००० रुपये अंगावर राहतात. आठवड्याला खर्चासाठी दिलेले पैसे (खर्ची) आणि खाड्याचा दंड त्यात वेगळे वाढतात. ही बाकी पुढच्या हंगामाच्या उचलीत चढते. वही मुकादमाकडे असते, आणि काट्यावर वजन गाडीचे होते, कोयत्याचे नाही. मजुराजवळ पडताळायला काहीच नसते.

पैसा कारखान्याकडून वाहतूक ठेकेदाराकडे, तिथून मुकादमाकडे व शेवटी मजुराकडे येतो. त्यामुळे कारखाना मालकपण नाकारतो. मुकादमही ठेकेदाराचा देणेकरी असतो. दोन ठिकाणी उचल घेऊन कोणी पळाले की ती तूट तो उरलेल्यांवर काढतो. वसुलीसाठी मजुराला किंवा त्याच्या नातेवाइकाला डांबून ठेवण्याचे प्रकार इथूनच घडतात.

सर्वांत जास्त भार बाईवर. उचल नवऱ्याच्या हातात पडते, फेडायची दोघांनी. पाळी, गर्भारपण, ताप, काहीही असो, कामाला न गेल्यास खाडा. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला, तेव्हा राज्याला चौकशी समिती नेमावी लागली.

उचलीपोटी किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबावे लागणे किंवा दुसरीकडे कामाला जाण्याची मुभा नसणे ही १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्यानुसार वेठबिगारीच आहे. मजूर आपल्या पायांनी गेला होता, एवढ्याने ती नाहीशी होत नाही. असे कर्ज कायद्यानेच रद्द ठरते आणि त्याची वसुली हा गुन्हा आहे. दाद जिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडे मागायची असते. प्रत्यक्षात तक्रार ठाण्यात ‘देण्याघेण्याचा व्यवहार’ म्हणून मिटवली जाते, मजूर घरी पोचतो आणि वहीतली बाकी तशीच राहते.