स्पीकरची गुणगुण आणि अर्थिंगची पिन

धुळे-जळगावकडे घरातल्या खोलीत अहिराणी गाणी रेकॉर्ड करणाऱ्या पोरांना एक सल्ला हमखास मिळतो: पॉवर्ड स्पीकर (ज्यात अॅम्प्लिफायर आतच असतो) गुणगुणतोय? प्लगची जाड, म्हणजे अर्थिंगची, पिन काढून टाक. पक्कडीने कापलेली अशी पिन मी पाहिली आहे. कृपा करून हे करू नका! गुणगुण थांबेलही, पण आत फॉल्ट झाला तर करंट तुमच्या अंगातून उतरेल.

गुणगुणीचं कारण बहुधा ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंगच्या तारांचं बंद वर्तुळ, असतं. लॅपटॉप एका सॉकेटवर, स्पीकर दुसऱ्या भिंतीवर, आणि दोघांची अर्थिंग ऑडिओ केबलनेही जोडलेली. मग 50 हर्ट्झची घरघर येते. ऑडिओ केबल काढून पाहा. आवाज गेला, तर सगळं एकाच बोर्डावर घ्या, बॅलन्स्ड केबल (सिग्नलच्या दोन तारा वापरून मधला गोंगाट रद्द करणारी) लावा. मोबाईलची टर्र-टर्र वेगळी. फोन लांब ठेवला की जाते.