निष्क्रिय बिनतारी तापमान संवेदक

ज्याला बॅटरी नाही, पुरवठ्याची तार नाही आणि तरीही ज्याचे तापमान दुरून वाचता येते, असा संवेदक. रीडरने, म्हणजे वाचणाऱ्या यंत्राने सोडलेली रेडिओलहर हीच त्याची ऊर्जा. तीच लहर तो तापमानाची खूण उमटवून परत धाडतो. टर्बाइनची फिरती पाती, स्विचगिअरमधले (वीज जोडण्या-तोडण्याच्या संचातले) उच्चदाबाचे बसबार, म्हणजे वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्या, भट्टीचा आतला भाग अशा ठिकाणी तार नेता येत नाही, म्हणून तो लागतो. तत्त्व जुने आहे. लेव्ह तेरमेन यांनी बनवलेले, मॉस्कोतील अमेरिकी राजदूतांच्या निवासात १९४५ मध्ये पोचलेले आणि १९५२ मध्ये सापडलेले हेरगिरीचे उपकरण याच रीतीने बाहेरच्या लहरीवर चाले. फक्त ते तापमानाऐवजी आवाज टिपत असे.

वेटोळे आणि धारित्र यांचा साधा अनुस्पंदक (ठरावीक वारंवारतेलाच जोरात कंपणारी रचना) स्वस्त पडतो, पण तो जवळूनच वाचता येतो. चिप असलेला टॅग अधिक अंतरावरून चालतो; मात्र नेहमीची सिलिकॉन चिप फार उष्णता सोसत नाही. खडतर जागी उजवा ठरतो तो पृष्ठ-ध्वनितरंग, म्हणजे ‘सॉ’ संवेदक. दाबविद्युत स्फटिकावर (दाबला की वीज देणाऱ्या आणि वीज दिली की हलणाऱ्या) एकमेकांत गुंतलेल्या धातूच्या कंगव्यांनी असे तरंग उठवण्याची रीत व्हाइट आणि व्होल्टमर यांनी १९६५ मध्ये दाखवली. लिथियम नायोबेट या अशाच स्फटिकावर हा तरंग सेकंदाला सुमारे ३,५०० मीटर धावतो, प्रकाशाच्या जवळजवळ लाखाव्या हिश्शाने. साडेतीन मिलिमीटरच्या वाटेला त्याला एक मायक्रोसेकंद लागतो. तोवर भिंती-यंत्रांवरून उसळलेले रेडिओ प्रतिध्वनी बहुतांशी विरलेले असतात आणि स्फटिकाचे उत्तर वेगळे ऐकू येते. या साऱ्या रचनेतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच.

आराखड्याची सुरुवात संवेदनशीलतेपासून करणे ही नेहमीची चूक. आधी रेडिओपट्टा, म्हणजे वापरायला मिळणारा वारंवारतांचा टप्पा पाहावा. ४३३.०५ ते ४३४.७९ मेगाहर्ट्झचा पट्टा अवघा १.७४ मेगाहर्ट्झ रुंद. लिथियम नायोबेटची वारंवारता तापमानाच्या दर अंशामागे दशलक्षात सुमारे ९४ भागांनी सरकते, म्हणजे इथे ४१ किलोहर्ट्झ. त्याचा अनुस्पंदक जेमतेम ४२ अंशांत पट्टा ओलांडेल! म्हणून या पट्ट्यात कमी सरकणारा क्वार्ट्झचा छेद (ठरावीक कोनात कापलेला स्फटिक) निवडतात आणि एकाच तुकड्यावर दोन अनुस्पंदक ठेवून त्यांच्या वारंवारतेतला फरक मोजतात. अँटेनाजवळ धातू आला, तर दोन्ही जवळपास सारखेच ढळतात आणि फरक बराचसा शाबूत राहतो.

लिथियम नायोबेटची तीव्र संवेदनशीलता विलंबरेषेत कामी येते, म्हणजे स्फटिकावरच्या परावर्तकांवरून तरंग परतायला लागणारा वेळ मोजणाऱ्या रचनेत. तिच्यातले प्रतिध्वनी वेगळे ओळखायला रुंद पट्टा हवा, म्हणून २.४ गिगाहर्ट्झ. तिथे कंगव्याचा दात ०.३६ मायक्रोमीटरचा होतो (४३४ मेगाहर्ट्झला दोन). एका मायक्रोसेकंदाच्या विलंबावर तरंगाची कला (फेरीतले त्याचे स्थान) दर अंश सेल्सिअसमागे कोनाच्या ८३ अंशांनी फिरते, म्हणजे साडेचार अंश सेल्सिअसच्या आतच पूर्ण फेरी होऊन वाचन संदिग्ध होते. मग जवळजवळच्या दोन परावर्तकांवरून अंदाज घ्यायचा आणि दूरच्यांवरून तो बारीक करायचा.

अंतराचा हिशेब कठोर आहे: अंतर दुप्पट केले की परतणारी शक्ती सोळाव्या हिश्शावर येते. तापमानाचीही सीमा आहे. क्वार्ट्झ ५७३ अंशांना रूप पालटतो. त्यापुढे लँगासाइट हा दुसरा दाबविद्युत स्फटिक घेतात. इतके करूनही संवेदक तापमान सांगतो ते स्वतःच्या स्फटिकाचे. खालचा चिकटपदार्थ जाड बसला, तर बसबार तापून गेलेला असतो आणि स्फटिक अजून मागेच असतो. म्हणून अंशांकन (वाचन खऱ्या तापमानाशी जुळवणे) संवेदक जागेवर बसवल्यानंतर, त्याच पृष्ठभागावर करावे.