कॅसिओ आणला, पियानो राहिला

परवा समोरच्या वहिनींनी दार वाजवलं. “अगं, धाकट्याला पियानोचा क्लास लावलाय. ह्यांनी कॅसिओपण आणला. जरा बघून दे ना, बरोबर आहे का ते.”

गेले. ठाण्यातल्या घंटाळीतलं जुनं घर, डायनिंग टेबलाच्या एका टोकाला वाद्य आणि दुसऱ्या टोकाला तापवायच्या दुधाच्या पिशव्या. मी मधली एक पांढरी पट्टी अगदी सावकाश दाबली. सूर वाजला. मग तीच पट्टी जोरात आपटली. तोच सूर, तेवढाच मोठा. म्हटलं, “वहिनी, वाद्य छान आहे, पण हा पियानो नव्हे.”

“दिसतो तर तसाच!”

दिसण्यातच सगळा घोळ आहे. फोटोकॉपीला जसं झेरॉक्स, तसं आपल्याकडे विजेवर चालणाऱ्या, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कुठल्याही वाद्याला कॅसिओ. १९८० साली ‘कॅसिओटोन’ आलं, आणि पुढे कंपनीचं नावच वाद्याला चिकटलं. गंमत म्हणजे तीच कंपनी साधे कीबोर्ड बनवते आणि चांगले डिजिटल पियानोही. त्यामुळे ‘कॅसिओ आणला’ एवढ्यावरून काय आणलं ते कळतच नाही.

पियानो कशाला म्हणायचं ते त्याच्या नावातच आहे. साधारण १७०० च्या सुमारास इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने हे वाद्य घडवलं. त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जायची, त्यामुळे पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळपास सारखाच. क्रिस्तोफोरीने छेडण्याऐवजी हातोडी बसवली आणि आवाज बोटाच्या ताब्यात आला. इटालियनमध्ये ‘पियानो’ म्हणजे हळू, ‘फोर्ते’ म्हणजे जोरात. पियानोफोर्ते हे पूर्ण नाव, त्यातलं ‘फोर्ते’ आपण गाळलं. वहिनींच्या कीबोर्डला नेमकं हेच येत नव्हतं.

आत काय होतं ते बघा. पियानोची पट्टी दाबली की पलीकडची हातोडी तारेकडे फेकली जाते, ठोका देते आणि लगेच मागे येते. बोट हातोडीला तारेपर्यंत ढकलत नेत नाही, फक्त उडवतं. म्हणून पट्टी फारच सावकाश दाबली तर हातोडी तारेपर्यंत पोचतच नाही आणि सूर निघत नाही. डिजिटल पियानोत तारा नसतात, पण पट्ट्यांना खऱ्या हातोडीसारखं वजन जोडलेलं असतं. ते बहुधा खर्जाकडे जड आणि वरच्या सप्तकाकडे हलकं होत जातं. पट्टी किती वेगाने खाली गेली ते आतले सेन्सर मोजतात. कीबोर्डच्या पट्टीखाली मात्र स्प्रिंग किंवा रबर असतं. साध्या कीबोर्डला फक्त ‘दाबली की नाही’ एवढंच कळतं. ‘टच रिस्पॉन्स’वाल्याला वेगही कळतो, आवाज लहानमोठा होतो, पण बोटाला वजन काही लागत नाही.

आपल्या घरांत हा फरक पटकन लक्षात येत नाही, त्याला कारण पेटी. आमचे बाबा कित्येक वर्षं पेटी वाजवतात. पेटीत आवाज भात्यातून लहानमोठा होतो, बोटातून नाही. शिवाय भाता चालू आहे तोवर सूर टिकतो. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विझायला लागतो. आणि डावा हात? पेटीत तो भात्यावर. कीबोर्डवर तो बहुधा तीन बोटांची कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन सूर, धरून बसतो, दादरा नाहीतर केहरवा यंत्र वाजवतं. पियानोत डाव्या हाताला उजव्याइतकंच काम. म्हणून कीबोर्डच्या पुस्तकात बऱ्याचदा पाच रेघांचा एकच संच आणि वर कॉर्डची नावं असतात, तर पियानोच्या पुस्तकात दोन संच एकाखाली एक, दोन्ही एकदम वाचायचे. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षांतही पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हे दोन वेगळे विषय आहेत.

मी स्वतः पस्तिशीत शिकायला लागले, ६१ पट्ट्यांच्या टचवाल्या कीबोर्डवर. आठ महिने घरी मजेत वाजवलं. मग नव्या क्लासमध्ये खरा अपराइट, म्हणजे उभा, पियानो समोर आला आणि पाठ असलेल्या ओळीतले अर्धे सूर गायब! अंगठा दणदण वाजतोय, अनामिका आणि करंगळीची पट्टी खाली जातेय पण आवाज नाही. वाटलं, पियानोच बिघडलाय. सरांनी पुस्तक मिटलं आणि पुढचा महिनाभर पाच बोटांचे पाच सूर, एवढंच. इतका कंटाळा मला आयुष्यात कधी आला नव्हता.

पट्ट्यांची संख्या हा त्यामानाने दुय्यम मुद्दा. पियानोला ८८ असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. ६१ च्या कीबोर्डवर खर्जाकडच्या १५ आणि वरच्या टोकाच्या १२ कमी असतात, आणि पहिल्या वर्षात त्यांच्यावाचून फारसं अडत नाही. अडतं ते वजनावाचून. दुकानात इथेच फसायला होतं. ‘८८ कीज’ म्हणजे वजनदार पट्ट्या असतीलच असं नाही. ‘पियानो स्टाइल कीज’ म्हणजे फक्त आकार. ‘सेमी वेटेड’ म्हणजे जरा घट्ट स्प्रिंग. ‘हॅमर ॲक्शन’, म्हणजे हातोडीसारखं वजन असलेल्या पट्ट्या, हा शब्द शोधायचा आणि तरीही वर सांगितलेली सावकाश दाबायची परीक्षा घ्यायचीच. विक्रेता डेमोची धून लावतो तेव्हा ती बंद करायला सांगायची.

टचवाला कीबोर्ड साधारण १२ ते १६ हजारांत येतो, हॅमर ॲक्शनचा डिजिटल पियानो ३५-४० हजारांच्या पुढे. कीबोर्ड चार-पाच किलोंचा, काखेत मारून नौपाड्यातून कुठेही जा. डिजिटल पियानो अकरा-बारा किलोंचा आणि सव्वा मीटरहून लांब, रिक्षात आडवा बसत नाही. खऱ्या लाकडी पियानोचा विचार आपल्या पावसाळ्यात मी तरी करणार नाही. दमट हवेत लाकूड फुगतं, सूर हलतो, पट्ट्या चिकटतात. डिजिटलला हेडफोन लावता येतो, हे भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात काय मोलाचं आहे ते सांगायला नको.

पण कीबोर्डला कमी लेखू नका. गणपतीत आरतीला, भावगीताच्या साथीला, ऑर्केस्ट्रात पियानोपेक्षा तोच कामाचा. मावशी काळी चारमध्ये गाते? सगळे सूर वर-खाली सरकवणारं ट्रान्सपोजचं बटण दाबा, बोटं आहेत तिथेच ठेवा. तबला, तानपुरा, बासरी, सनई, सगळं एका पेटाऱ्यात. मुलाला गाणी वाजवायची असतील तर क्लासच कीबोर्डचा लावावा, असं मी वहिनींना सरळ सांगितलं. पियानोच शिकायचा असेल तर तीन-चार महिने आहे त्यावर सूर ओळखू दे, नंतर मात्र बदला, नाहीतर बोटांना लागलेली सवय सोडवण्यात वेळ जातो.

धाकट्याला विचारलं तर म्हणाला, पियानोच. वाद्य परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता. काल रात्री समोरून दादऱ्याचा ठेका ऐकू आला. डोकावले तर कीबोर्डवर वहिनींचे ‘हे’ बसलेले, चष्मा कपाळावर, डाव्या हाताची तीन बोटं एकाच कॉर्डवर घट्ट.